गाडीतला तांबडा दिवा

१

रविवारी सकाळी आमच्याकडे दोन कामं ठरलेली असत. माझे यजमान हणमंतराव गाडी धूत आणि मी तिचं बॉनेट उघडत असे.

चामराजपेटेत आम्ही वठारात राहत होतो. एक अंगण आणि त्याच्या भोवती सात बिऱ्हाडं. बाईमाणूस पदर खोचून, हातात पाना घेऊन गाडीत डोकं घालते, याचं तिथं सुरुवातीला फार हसू झालं. पण माझे वडील, पिराजीअप्पा, त्याच शहरात, शिवाजीनगरात गाड्यांचं विजेचं काम करायचे. आई लवकर गेली, म्हणून मी त्यांच्या दुकानातच वाढले. दहाव्या वर्षी मला डायनामो खोलता येत होता. लग्नानंतर ते सगळं सुटलं. चूल, पाटा-वरवंटा, आणि मूल नाही म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस. सात वर्षं अशी गेल्यावर, १९६२ साली, हणमंतरावांनी एक जुनी काळी विलायती गाडी घेतली आणि माझे हात पुन्हा काळे झाले.

ती गाडी मला मनापासून आवडली होती, हे आधीच सांगते. पुढं जे घडलं ते ऐकून कुणाला वाटेल, गाडीतच काही खोट होती. गाडीत काही खोट नव्हती. मी तिचा खिळा न् खिळा तपासला आहे.

पहिल्या रविवारी आम्ही दोघं बसवनगुडीला निघालो. मी पुढं, डाव्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं. डॅशबोर्डवर चवलीएवढा एक तांबडा दिवा होता. त्याचं काम साधं असतं. किल्ली फिरवली की तो लागतो. इंजिन चालू होऊन डायनामो वीज करायला लागला की तो विझतो. विझला नाही तर समजायचं, वीज येत नाही, सगळा भार बॅटरीवर पडतोय, आणि गाडी कुठंतरी वाटेत बंद पडणार.

इंजिन चालू झालं. दिवा विझला नाही.

"हे काय?" हणमंतराव म्हणाले.

"बेल्ट सैल असेल," मी म्हणाले. "घरी गेल्यावर बघते."

बसवनगुडीपर्यंत आणि तिथून परत, तो दिवा माझ्याकडं बघत होता.

२

बेल्ट सैल नव्हता. तरी मी तो ताणून घेतला. डायनामोतले कार्बन काढून पाहिले, ते नव्यासारखे होते. कटाउटचे, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डबीतले, पॉइंट घासले. बॅटरीपासून बॉडीपर्यंतची तार सोडवून, खरवडून पुन्हा आवळली. मग बाहेर उभी राहून खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं. दिवा लागला आणि लगेच विझला. मी पदराला हात पुसले. सात वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

सोमवारी हणमंतराव गाडी घेऊन नोकरीवर, विमा कंपनीच्या ऑफिसात, गेले. संध्याकाळी आल्यावर मी पहिला प्रश्न दिव्याचा विचारला.

"विझलेला होता. एकदम सरी, काही तक्रार नाही."

पुढच्या रविवारी मी पुन्हा पुढं बसले. दार लावलं, इंजिन चालू झालं आणि तांबडा दिवा लागून राहिला.

मी उतरले आणि बॉनेट उघडलं. तेवढ्यात हणमंतराव आतून ओरडले, "अगं, विझला!"

मी परत आत बसले. तो लागला.

"तुला बघून लाजतोय," ते हसत म्हणाले. मीही हसले. ढिली जोडणी असेल, असं मी मनाशी धरलं. माणूस बसलं की सीट दबते, सीटखालून एखादी तार जात असेल, ती चेपत असेल. अप्पांच्या दुकानात यापेक्षा विचित्र प्रकार मी पाहिले होते, आणि दर वेळी शेवटी एखादी तुटकी तारच सापडली होती.

त्याच आठवड्यात वीणा भेटली. ती आमच्या शेजारच्या सकवारबाईंची भाची. निपाणीकडून नुकतीच आलेली, बावीस वर्षांची, टायपिंग शिकलेली. तिचं ऑफिस हणमंतरावांच्या ऑफिसच्या रस्त्यावरच होतं. पाण्याच्या नळावर ती मला म्हणाली, "अक्का, तुम्ही गाडी काय छान दुरुस्त केलीत हो! अण्णा मला मंगळवारपासून सोडतात ना. बसमध्ये नुसते हाल होत होते."

मला ते माहीत नव्हतं.

"पुढं बसतेस?" मी विचारलं.

"हो. का?"

"तो तांबडा दिवा लागतो का, तू बसल्यावर?"

"कुठला दिवा?" वीणानं विचारलं.

३

आता हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगायला हवं. ती मुलगी वाईट नव्हती. ती ह्यांना अण्णा म्हणत होती आणि मनापासून म्हणत होती. हणमंतरावांनीही मला चोरून काही केलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं, एवढंच. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही.

सकाळी पावणेनऊला मी स्वयंपाकघरात, खिडकीच्या गजांपाशी उभी राहायची. आधी हणमंतरावांच्या बुटांचा आवाज. मग वीणाच्या चपलांचा, भरभर. मग उजवं दार, मग डावं. डाव्या दाराचा आवाज मऊ होता, कारण बिजागरीला तेल मी घातलं होतं. मग इंजिन. मग तिचं हसणं, आणि गाडी गेटाबाहेर पडली की अंगणात नुसता पेट्रोलचा वास.

मी तिथून हलत नसे. एकदा सकवारबाई म्हणाल्या, "कृष्णवेणी, दूध उतू चाललंय गं." दूध उतू जाऊन विझलेल्या चुलीवरून खाली आलं होतं आणि मी बघत उभी होते. मी गाडीचा विचार करत होते. आता मिंटो दवाखाना आला असेल, आता सिग्नल. ती काय सांगत असेल? हे काय म्हणत असतील? मला तो रस्ता दिसायचा. वीणाची मान दिसायची, वेणीतली अबोली दिसायची, थोडी मागून आणि वरून.

मागूनच का दिसते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

रविवारी सीट झाडताना अबोलीची वाळलेली फुलं सापडली. मी ती कुणाला दाखवली नाही. मुठीत धरून घरात नेली आणि चुलीत टाकली.

"मी बसते तेव्हा दिवा लागत नाही, अण्णांनी सांगितलं," वीणा त्या दिवशी अंगणात म्हणाली. "गाडी माझ्यावर खूश आहे बहुतेक." ती थट्टा करत होती. हणमंतरावही हसले आणि बादली उचलून म्हणाले, "वीणाचा पायगुण चांगला."

त्यांनी ते सहज म्हटलं. मी मात्र ते शब्द रात्रंदिवस ऐकले.

४

मग मी ठरवलं की याचा छडा लावायचाच.

मी डावी सीट बोल्ट काढून बाहेर घेतली. तिच्याखालून एकही तार जात नव्हती. सीट परत बसवली आणि तिच्यावर तांदळाचं पोतं ठेवलं. दिवा विझलेला. सकवारबाईंना हाताला धरून बसवलं. त्या राम राम म्हणत बसल्या. दिवा विझलेला. वीणाला बसवलं. ती मजेत बसली, तिला हा खेळ वाटत होता. दिवा विझलेला. मी बसले. लागला.

मी मागच्या सीटवर बसले. लागला. ड्रायव्हरच्या जागी बसले. लागला. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढून हणमंतरावांच्या हातात दिलं, चपला काढल्या, कोरडी साडी नेसून आले. दार लावलं की तो लागायचा. दार उघडून एक पाय बाहेर टाकला की विझायचा.

शेवटी मीटर लावला. हा दिवा दोन बाजूंच्या विजेच्या दाबातल्या फरकावर लागतो. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनामो. दोन्हींचा दाब सारखा झाला की दिव्यातून वीज जायचं कारणच राहत नाही. मी मांडीवर मीटर ठेवून दोन्ही टोकं पाहिली. काटा दोन्हीकडं एकाच आकड्यावर थांबला. डायनामो उत्तम चालला होता. आणि दिवा माझ्या तोंडासमोर लालभडक जळत होता.

मी पुन्हा मोजलं. तोच आकडा.

"सोड ना गं," हणमंतराव म्हणाले. "चालतेय ना गाडी? तू बसतेस तेव्हाच फक्त..." मग चाचरत म्हणाले, "तू स्वल्प दिवस नको बसू. बॅटरी उतरेल उगीच."

असं करता करता माझ्या नवऱ्याच्या गाडीत सगळ्या वठारानं बसायचं आणि फक्त मी बसायचं नाही, असं ठरून गेलं. कुणी मुद्दाम ठरवलं नाही. ठरून गेलं.

५

मी अप्पांना निरोप पाठवला. ते तेव्हा सत्तरीला आले होते, डोळ्यांनी कमी दिसायचं, पण इंजिनाला कान लावून कुठला कार्बन झिजलाय ते सांगायचे. शिवाजीनगरहून बसनं आले, आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता गाडीपाशी गेले.

दोन तास त्यांनी काम केलं. मी जे केलं होतं तेच त्यांनी पुन्हा केलं, त्याच क्रमानं. मग म्हणाले, "वेणू, बस आत."

मी डावीकडं बसले, ते उजवीकडं. दोन्ही दारं लावली. इंजिन सावकाश चालत होतं. दिवा लागला. अप्पांनी चष्मा काढून डोळे जवळ नेले. मग त्यांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, डॅशबोर्डच्या मागं हात घातला आणि दिव्याची तार ओढून काढली. तिचं टोक त्यांनी मला दाखवलं. उघडं तांबं, त्यांच्या बोटांत.

दिवा जळतच होता.

अंगणात कुणीतरी कपडे आपटत होतं. अप्पांनी किल्ली बंद केली, इंजिन थांबलं, आणि मग त्या दिव्यानं आपल्या सवडीनं, हळूहळू, डोळा मिटावा तसं स्वतःला विझवलं.

अप्पांनी तार परत जागेवर लावली.

"हा दिवा कशासाठी असतो, सांग," ते म्हणाले. मला लहानपणी विचारायचे तसं.

"डायनामो चालत नाही हे सांगायला."

"आतल्या आत काहीतरी खाल्लं जातंय आणि भरून येत नाही, हे सांगायला." मग म्हणाले, "तुला काय खातंय, पोरी?"

मी म्हणाले, "काही नाही अप्पा."

त्याच वेळी वीणा ऑफिसातून आली. अप्पांना वाकून नमस्कार केला, मला म्हणाली, "अक्का, दमलात ना? मी कॉफी करते." ती गेली तेव्हा अप्पा तिच्याकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते.

"या गाडीत बसू नकोस," जाताना ते म्हणाले. मग बसस्टॉपवर, बस समोर येऊन थांबलेली असताना, माझं मनगट धरून म्हणाले, "आणि बसायची इच्छासुद्धा धरू नकोस. ऐकतेस ना?"

मी हो म्हणाले.

६

डिसेंबरातला बुधवार. वीणाला हेब्बाळला एका सरकारी ऑफिसात मुलाखतीला जायचं होतं. पक्की नोकरी, पेन्शनची. हेब्बाळ तेव्हा गावाबाहेर होतं, तळ्याच्या काठचं एक खेडं, तिकडं बस फार थोड्या जायच्या. हणमंतरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

माझ्या आजारपणात त्यांनी कधी रजा टाकली नव्हती. मी हे मनात म्हटलं, आणि मग लक्षात आलं की मी सात वर्षांत कधी आजारीच पडले नव्हते. तरी ते वाक्य मनातून गेलं नाही.

सकाळी नऊ वाजता मी रेडिएटरमध्ये पाणी घातलं. वीणा निळी साडी नेसून आली, छातीशी सर्टिफिकेटांची फाइल धरलेली. ती माझ्या पाया पडली. "अक्का, आशीर्वाद द्या." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

ती डाव्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं. दार नीट लागलं. तो आवाज मला पाठ होता, मी खात्रीनं सांगते. हणमंतरावांनी इंजिन चालू केलं. मी त्यांच्या खिडकीपाशी उभी होते, पाण्याचा डबा हातात, दोन्ही पाय अंगणातल्या फरशीवर.

तांबडा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

"अगं, हे बघ," हणमंतराव म्हणाले. "आज वीणा असताना लागलाय."

वीणानं वाकून पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "अय्यो, आजच कसा काय?"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आत खोल कुठंतरी कुणीतरी टाळी वाजवली. आता कळू दे तिलाही, असं वाटलं. तो दिवा कुणासाठी लागतो, कुणासाठी लागत नाही, हे पोतं आणि माणसं बसवून बसवून मीच पडताळलं होतं. त्या सगळ्या वठारात तो फक्त एका माणसासाठी लागत होता, आणि ते माणूस त्या क्षणी गाडीच्या बाहेर उभं होतं. एवढा साधा हिशेब. मी तो केला नाही. की केला आणि बाजूला सारला, हे मला आजही सांगता येत नाही.

"नेऊ का तशीच?" हणमंतरावांनी विचारलं. गाडीच्या बाबतीत ते माझ्या शब्दाबाहेर नव्हते. मी थांबा म्हटलं असतं तर ते थांबले असते.

"थंडीनं बेल्ट घसरत असेल," मी म्हणाले. "जा तुम्ही. काही होत नाही."

गाडी गेटाकडं वळली. वीणानं खिडकीतून हात हलवला. मग तिनं मान वळवून मागच्या सीटकडं पाहिलं, आणि ती हसली, ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतो तशी.

७

साडेदहाला मी इडलीचं पीठ वाटायला बसले. यापुढचं मला आठवत नाही. सकवारबाईंनी सांगितलं ते असं. अकराच्या सुमाराला त्या विरजण मागायला आल्या. मी रुब्ब्यापाशी, वाटायच्या दगडापाशी, बसले होते, डोळे उघडे, हात रुब्ब्यावर नव्हते. उजवा हात समोर हवेत धरलेला, मूठ वळलेली. काहीतरी पकडून बाहेर लोटावं तशी. त्यांनी तीनदा हाक मारली. मी पापणीसुद्धा हलवली नाही. त्यांना वाटलं, मला भोवळ आली. त्या पाणी आणायला वळल्या तेवढ्यात मी वाटायला सुरुवात केली.

दुपारी हणमंतराव आले. शर्टावर रक्त होतं, पण त्यांना काही लागलं नव्हतं. ते ओट्यावर बसले आणि तुटक तुटक सांगायला लागले.

मुलाखत संपवून दोघं परत निघाली होती. हेब्बाळच्या तळ्याच्या बांधावर रस्ता उजवीकडं वळतो. तिथं डावं दार उघडलं आणि वीणा बाहेर फेकली गेली. खाली दगड होते. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. एका लॉरीवाल्यानं थांबून मदत केली, दोघांनी मिळून तिला दवाखान्यात नेलं. जिवंत होती.

"दार आपोआप उघडलं?" मी विचारलं.

"मी समोर बघत होतो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "ती सारखी मागं वळून काहीतरी बोलत होती. बारीक आवाजात. मला वाटलं, मुलाखतीतली उत्तरं आठवतेय. मी विचारलंसुद्धा, कुणाशी बोलतेस? तर म्हणाली, अण्णा, तुम्ही मध्ये बोलू नका, आम्हाला बोलू द्या."

"मग?"

"मागं कुणी नव्हतं गं," हणमंतराव म्हणाले आणि रडायला लागले. "मी पाहिलं ना. मागं कुणीच नव्हतं."

संध्याकाळच्या उजेडात मी गाडीचं डावं दार तपासलं. खटका घट्ट होता. बिजागरी शाबूत होती. आतून मूठ खाली दाबून जोरानं लोटल्याशिवाय ते दार उघडणं शक्य नव्हतं. मी वीस वेळा उघडून-लावून पाहिलं, आणि वीस वेळा तो माझा ओळखीचा, मऊ आवाज आला.

८

हे सगळं शेवटी कसं निभावलं ते आधी सांगते. वीणा वाचली. चार महिने अंथरुणाला खिळून होती, मग काठी घेऊन चालली, पुढं काठीही सुटली. हेब्बाळची नोकरी तिला मिळाली होती. ते पत्र दवाखान्यातच आलं, आणि तिथल्या साहेबांनी तिची जागा राखून ठेवली. तिचं लग्न झालं, मुलं झाली. गाडी हणमंतरावांनी महिन्याभरात विकून टाकली आणि नंतर कधी घेतली नाही. आम्ही वठार सोडलं. माझ्याशी ते जन्मभर चांगलेच वागले. पण एखादे वेळी, जेवताना वगैरे, ते माझ्याकडं पाहून पटकन मागं वळून बघायचे, आणि मी ते पाहिलंच नाही असं दाखवायची.

आता दवाखान्यातलं.

दोन दिवस माझी जायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी डब्यात मऊभात घेऊन गेले. वाटेत मनाशी ठरवलं होतं की तिला सगळं सांगायचं. दिवा पाहूनही मी जा म्हणाले, आणि का म्हणाले, ते. वॉर्डाच्या दाराशी नर्सनं मला अडवलं.

"एकेकानं जायचं, अम्मा. तिच्याजवळ एक जण आहेत आत. त्या आल्या की तुम्ही जा."

सकवारबाई घरी होत्या. हणमंतराव ऑफिसात होते. "कोण आहे?" मी विचारलं.

"रोज येतात त्याच. तिची अक्का." नर्सनं आता माझ्याकडं नीट पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "तुम्ही... त्यांच्या बहीण का?"

लांबलचक वॉर्ड, दोन्हीकडं लोखंडी खाटा, उंच खिडक्यांतून पडलेलं ऊन. अगदी टोकाच्या खाटेला हिरव्या कापडाचा पडदा लावलेला होता. पंख्याच्या वाऱ्यानं कापड हललं आणि एका बाजूला चार बोटांची फट पडली.

खाटेशेजारी स्टुलावर एक बाई पाठमोरी बसली होती. पुढं खूप वाकलेली, तोंड वीणाच्या कानापाशी. खांदे हळूहळू हलत होते. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही, त्यामुळं ती ओळखू येण्याचं काही कारण नसतं. मला ती ओळखू आली.

कापड पुन्हा सरळ झालं. मी नर्सला बाजूला सारून चालत सुटले. डब्याचं झाकण वाजत होतं. पडदा बाजूला केला तेव्हा स्टूल रिकामं होतं. पलीकडं भिंत होती, खिडकी नव्हती, दुसरी वाट नव्हती.

वीणा जागी होती. डोक्याला पट्टी, पाय लाकडी चौकटीत टांगलेला. ती माझ्याकडं बघत होती आणि उशीत मागं मागं सरकायचा प्रयत्न करत होती.

"वीणा," मी म्हणाले. मी स्टुलावर बसले नाही. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले, दोन्ही हात तिला दिसतील असे गजावर ठेवले. "मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी दिवा लागला तेव्हा मी तुला उतरवायला हवं होतं. मला समजत होतं, काहीतरी वेगळं आहे. मी मुद्दाम जा म्हणाले. मला तुझा हेवा वाटत होता, पोरी. पहिल्या दिवसापासून. तुझं काही चुकलं नव्हतं."

इतकं बोलल्यावर मला रडू फुटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड हलला. मला वाटलं, आता ती रागावेल, ओरडेल, आणि ते ऐकून घ्यायला मी तयार होते.

वीणा रागावली नाही. ती बराच वेळ माझा चेहरा निरखत राहिली. एकदा डोळे, एकदा तोंड. मग अगदी हळू, शेजारच्या खाटेलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिनं विचारलं,

"अक्का, हे सगळं तुम्ही मला आत्ताच सांगितलंत ना? मघाशी, इथं बसून. अगदी हेच शब्द."

"आणि?" मी म्हणाले.

"तेव्हा तुम्ही हसत होतात."